गुरुजींच्या रानात मेंढरं

आमच्या राजीचा सातवीला सगळ्या केंद्रात पयला नंबर आला, आन दुसऱ्या दिशीपास्नं लोकं गुरुबसप्पा गुरुजींच्या दारात जायाला लागली. ज्येंची पोरं काठावर पास झालेली ती बी गेली. पाटलाच्या घरनं टोपी-टावेल आन नारळ गेला. दुकानदार वीरभद्रप्पानं चहाची पुडी आन दोन किलो साखर दिली. शेजारच्या चिमाबाईचं पोरगं तर दोन इषयांत नापास, तरी ती शेंगांचं घमेलं डोक्यावर घेऊन गेली. म्हणली, "पोरगं गाढव निघालं, त्यात गुरुजींचा काय गुन्हा?"

आन ज्येंची पोरगी पयली, ती आमी, रिकाम्या हातानं वाड्याच्या कडंला बसलेलो. वाडा म्हंजे काय माडीचा न्हवं. धनगराचा वाडा म्हंजे वाघर. चार मेखा आन सुताची जाळी, आत मेंढरं, भाईर आमी.

गुरुजींचं आमच्यावर देणं हाय, ही गोष्ट खरी हाय, ती मी आजबी नाकारत न्हाय. दुष्काळाच्या सालात मी राजीला शाळेतनं काढली व्हती. शंभर मेंढरातली चाळीस उरलेली, त्येंच्यामागं माणूस पायजे. पोरगी तिसरीत. तवा ह्यो माणूस भर उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून, दोन कोस चालत आमच्या वाड्यावर आला. म्हणला, "मायाक्का, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अशी पोर मेंढरामागं घालता? हिला माझ्याकडं द्या. पाटी मी देतो, पुस्तकं मी देतो." आन दिली की. चार वर्सं दिली. आमी मेंढरं घेऊन फिरतीवर गेलो की राजी चिमाबाईकडं निजायची आन सांजचं गुरुजींच्या सोप्यात बसून हिशेब शिकायची. फुकट. कुणाच्या पोटची पोर, कोण शिकवतंय!

राजीचा बा तात्याबा म्हणला, "एक कोकरू देऊ की. त्या पांढऱ्या तोंडाच्या मेंढीचं. लई ग्वाड हाय."

"आवं, लिंगायत माणूस त्यो. कोकरू घेऊन काय करील? पाळण्यात घालील?"

"मंग घोंगडं?"

"लोकर कवाच घोंगडी इणणाऱ्या सनगराच्या घरी गेली. आता मेंढरं काय तुमच्यासाठी पुन्यांदा केस काढत्यात?"

त्येनं बिडी पेटवली. माझ्या डोक्यात तवा आलं, जळो मेलं डोकं. मी म्हणलं, "आपल्याजवळ दुसऱ्या कुणाजवळ न्हाय असं काय हाय? लेंडी हाय. गुरुजींच्या रानात मेंढरं बसवू. तीन रात्री. दाणा घ्यायचा न्हाय."

तात्याबाचं तोंड उजळलं. "व्हय की गं!"

जोंधळा निघाला की आमच्या मेंढराला मान असतो. रात्री जितं मेंढरं बसली तितं लेंडी-मूत पडतं, आन म्होरल्या साली त्या रानात जोंधळा माणसाच्या डोक्यावर जातो. म्हणून शेतकरी वाड्यावर येऊन हात धरत्यात, आमच्याकडं बसवा, आमच्याकडं बसवा. सकाळी वाघर उचलताना बांधावर दाणा घालत्यात. उन्हाळ्यातल्या त्या दाण्यावर आमचं पावसाळ्यातलं पोट. त्यातल्या तीन रात्री सोडायच्या म्हंजे सोपं न्हवं. पर पोरगी पयली आलती.

"गुरुजींना इचारू का?" तात्याबा म्हणला.

"इचारलं की त्ये म्हणणार, किती पायल्या घेणार? मंग त्यो धंदा झाला. देणं न सांगता द्यावं." असं मी म्हणलं. शहाणी लागून गेले!

गुरुजी तवा गावात न्हवतंच. सत्कार आटपून कसल्याशा शिबिराला आठ दिस सोलापूरला गेलेलं. त्येंचं रान कंचं, म्हणून राजीला इचारलं. ती म्हणली, "आये, ओढ्याकाठचं, आंब्याचं. गेल्या हुरड्याला गुरुजींनी आमा सगळ्यांना तितंच नेलं व्हतं." शिकलेली पोरगी सांगतीया म्हणल्यावर आमी कशाला दुसऱ्याला इचारतोय?

तीन दिस मेंढरं त्या रानात घातली. उन्हानं ढेकळं तापून पाय भाजायचं. दिसभर माळाला चारायचं आन दिस मावळायला रानात आणून मेखा ठोकायच्या. रान कडक, मेख आत जायाची न्हाय. तात्याबाच्या टाचा उन्हाळ्यात फुटलेल्या, दगड मारताना त्यातनं रगत यायचं. रोज वाघर दहा पावलं पुढं सरकवायची, म्हंजे सगळ्या रानाला सारखं मिळावं. दुसऱ्याच्या रानात आमी एवढं काटेकोर कवा केलं न्हाय. एक गाभण मेंढी लंगडायला लागली तर राजीनं तिचा खूर पिळून काटा काढला, वर हळद भरली. तिसऱ्या दिशी खालचा शेतकरी आला, म्हणला आजची रात माझ्याकडं बसवा, दाणा जास्त घालतो. तात्याबानं हात जोडलं. "गुरुजींचं देणं फेडतोय दादा, मंग येतो."

तिसरी रात सरली, सकाळी आमी मेखा उपटत व्हतो तर ईरप्पाण्णा आला. ईरप्पा म्हंजे गुरुजींचा थोरला भाऊ. जाड अंगाचा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, बोलताना निम्मं कानडी. त्येचं बी आमच्यावर देणं व्हतं. दुष्काळात सगळ्या गावच्या इहिरी आटल्या, ह्येची तेवढी जित्ती. लोकांनी म्हणलं, मेंढरांना पाजू नको, माणसाला पुरायचं न्हाय. ह्यो म्हणला, "मेंढरू काय दगडाचं हाय का?" आन रोज संध्याकाळी चाळीस मेंढरांना पाण्याची दगडी डोण भरून दिली. ती चाळीस जगली म्हणून आज आमी धनगर. न्हाय तर खडी फोडत बसलो असतो.

ईरप्पाण्णानं रानात नजर टाकली. लेंडीचा काळा थर बघून त्येचं तोंड हासलं. "न सांगता बसवली व्हय रे तात्या?"

मी म्हणलं, "आण्णा, गुरुजींसाठी बसवलीत. राजी पयली आली म्हणून."

त्यो खदाखदा हासला. "त्यो न मी काय दोन आयांच्या पोटचं हाय का? थांबा." असं म्हणून त्येनं गड्याला घरी पिटाळलं. गडी जोंधळ्याची पाटी घेऊन आला. तवर खालचा शेतकरी आन आणिक दोघं बांधावर येऊन उभं राहिलेलं.

मी म्हणलं, "दाणा नको आण्णा."

"घे गं तंगी." धाकट्या भैनीला कानडीत तंगी म्हणत्यात. "वाघर उचलताना रिकाम्या पदरानं जाऊ नये."

हे त्येनं खरंच सांगितलं. आमच्यात तसंच हाय. वाघर उचलताना बांधावर आलेला दाणा धनगरानं परत लावू नये, बिरोबाला चालत न्हाय. म्हणून मी पदर पसरला. त्येनं पाटी ओतली. चौघांच्या देखत ओतली. एका भावाला दिलेल्या देण्याचा दाणा दुसऱ्या भावाकडनं घेतला, आन वर मला बरं वाटलं. मेंढरू हजार कोकरांत आपलं कोकरू हुंगून काढतं. मला दोन भाव वळखता आलं न्हाईत.

कुणी निरोप धाडला देव जाणे, चार दिसांनी गुरुजी एसटीतनं उतरलं ते घरी न जाता थेट वाड्यावर आलं. खाकेत छत्री, हातात पिशवी. मी पुढं झाले, म्हणलं आता हासतील, राजीच्या डोक्यावर हात ठेवतील. राजी निकालाचा कागद घेऊन उभी.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" गुरुजी म्हणलं. आवाज असा की मेंढरं उठून उभी राहिली.

तात्याबा म्हणला, "गुरुजी, तुमचं देणं..."

"कसलं देणं? ते रान माझ्या वहिवाटीत आहे म्हणून मी मामलेदाराकडं अर्ज टाकलाय. सहा महिने खेटे घालतोय. आणि तुम्ही तिथं मेंढरं बसवून ईरप्पाचा दाणा घेता? ज्याचा दाणा त्याचं रान, हे शेंबड्या पोराला कळतं! त्यानं तीन साक्षीदार लिहून दिलेत. खत मी घातलं म्हणतोय तो."

"आमी तर तुमच्यासाठीच बसवली..."

"माझ्यासाठी? माझ्या नरड्यावर बसवलीत मेंढरं!"

तात्याबानं पटका काढून मांडीवर घेतला आन खाली बघत बसला. एवढा बापय माणूस, लांडग्याच्या तोंडातनं मेंढरू वढून आणलेला. राजीच्या हातातला कागद तसाच. गुरुजींनी कागदाकडं बघितलंबी न्हाय. करायला गेलो गणपती आन झालं माकड.

मंग दाखल्याचं सुरू झालं.

राजीचं नाव अक्कलकोटच्या मोठ्या शाळेत घालायचं व्हतं. तितं पोरींचं वसतिगृह हाय, राह्यचं-जेवायचं फुकट. पयल्या नंबरवाल्या पोरीला जागा नक्की, पर शाळा सोडल्याचा दाखला जूनच्या दहा तारखेच्या आत पायजे. दहा गेली की जागा दुसरीला. राजीनं ती तारीख वाघरीच्या मेखेवर कोळशानं लिहून ठेवलेली.

ती शाळेत गेली. गुरुजी म्हणलं शिक्का घरी राहिला. घरी गेली तर म्हणलं रजिस्टर तपासणीला गेलंय. तिसऱ्या वक्ताला म्हणलं, बापाला पाठव. बाप गेला तर भेटलंच न्हाईत. मंग मी गेले. गुरुजींची बायको सावित्रम्मा जोत्यावर बसलेली. म्हणली, "येतील एवढ्यात. तवर तेवढं जोंधळं पाखडून टाक की." मी पाखडलं. मंग म्हणली, परड्यातलं शेण उचल. उचललं. तान लागली म्हणलं तर वरनं ओंजळीत पाणी घातलं. चार वर्सं माझी पोरगी ह्या सोप्यात बसून शिकली, पर पाणी ओंजळीतच. दिस कलला तरी गुरुजी आलं न्हाईत. निघाले तर आतनं खोकल्याचा आवाज आला. मी काय भैरी हाय? माणूस घरातच व्हता.

त्या दिशी चिमाबाईनं मला खरं काय ते सांगितलं. "अगं खुळे, त्ये आंब्याचं रान ईरप्पाचंच. वाटणीत म्हाताऱ्या आयनं दिलं त्येला. म्हातारी सात वर्सं हातरुणात पडली, घाण त्येच्या बायकोनं काढली. गुरुजींनी वरलं काळं रान घेतलं, चांगलं. आता वढ्याला बंधारा व्हणार म्हणत्यात, तर ह्येला खालचंबी पायजे. गावाला सगळं म्हायती हाय. हुरड्याला पोरं नेली ती बी थोरल्या भावाला इचारूनच नेली व्हती."

मी घरी येऊन तसंच तात्याबाला सांगितलं. राजी भाकऱ्या थापत व्हती. तिचा हात थांबला. मंग पुन्यांदा थापायला लागली.

पाच तारखेला गुरुजींनी आपणहून निरोप धाडला. दोघंबी गेलो. आज सावित्रम्मानं चटई टाकली. चहा बी दिला, कानतुटक्या कपात. गुरुजींचा आवाज पयल्यासारखा मऊ झालेला.

"तात्याबा, रागात बोललो मी. विसरा. परवा सर्कलसाहेब रानात पंचनाम्याला येणार आहेत. तुम्ही एवढंच सांगायचं, गुरुजींनी सांगितलं म्हणून मेंढरं बसवली, आणि दाणा गुरुजींनी घातला. दरसाल तेच घालतात."

तात्याबा म्हणला, "दाणा तर आण्णांनी घातला की."

"मेंढरं कुणासाठी बसवली होती?"

"तुमच्यासाठी."

"मग? खोटं काय आहे त्यात?"

तात्याबानं कप खाली ठेवला. मेंढरामागं हिंडणारा माणूस, वकिली कुटली येती त्येला? गुरुजी माझ्याकडं वळलं. "मायाक्का, राजाबाईसारखी पोर माझ्या नोकरीत झाली नाही. तिचं वाटोळं व्हावं असं मला वाटेल का? दाखला लिहून तयार आहे. सही तेवढी राहिलीय."

गोड बोलून मान कापायची म्हंजे काय, त्ये मी त्या दिशी बघितलं. आन तरी म्हणाल तर मला त्या माणसाचा राग येत न्हवता, भ्या वाटत व्हतं. त्येच्या टेबलावर राजीचं नाव लिहिलेला कागद व्हता, वर दगड ठेवलेला, वाऱ्यानं कोपरा हालत व्हता.

वाटंनं तात्याबा म्हणला, "माझ्यानं व्हायचं न्हाय. ईरप्पाच्या डोणीत मेंढरांनी तोंड घातलंय. सर्कल भंडारा उचलायला लावल. बिरोबाचा भंडारा कपाळाला लावून खोटं बोलू?"

ओढा आला, वलांडला. त्यो पुन्यांदा म्हणला, "पोरगी न्हाय शिकली तर काय मरत न्हाय. तू शिकलीस का? मी शिकलो का?"

तवा माझा तोल सुटला. मी वाटंतच उभी राह्यले. "न्हाय शिकले, म्हणून तर त्या बाईचं शेण उचलून आले! न्हाय शिकलो म्हणून तर कुणाचं रान कुणाचा दाणा कळलं न्हाय! बिरोबाला मी बघून घेते. कोप झाला तर माझ्यावर घेते. तुमी बोला."

"ईरप्पाच्या तोंडाकडं कसं बघू?"

"बघू नका. खाली बघून बोला."

ह्ये मी म्हणले. माझ्या तोंडानं म्हणले. गुरुजींना लबाड म्हणायला गाव मोकळं हाय, पर नवऱ्याला खोट्यात ढकललं ती मी.

पंचनाम्याला आंब्याखाली सतरंजी टाकलेली. सर्कलसाहेब, तलाठी, गावची दहाबारा माणसं. मेंढरांची लेंडी उन्हानं वाळून रानभर पसरलेली, चालताना पायाखाली कुरकुर वाजत व्हती. ईरप्पाण्णा एका अंगाला उभा, हात पाठीमागं. त्येनं तात्याबाला बघून मान हालवली, ये म्हणल्यासारखी. त्येला वाटलं, ह्यो आपला साक्षीदार आला. त्येच्या मनात काळं न्हवतंच.

तलाठ्यानं पिशवीतनं भंडाऱ्याची पुडी काढली. म्हणला, "धनगराला गीता चालत न्हाय साहेब, ह्येच चालतं." माणसं हासली. तात्याबानं चिमूट घेतली, कपाळाला लावली. निम्मा भंडारा नाकावर सांडला.

"मेंढरं कुणी बसवायला सांगितली?"

"गुरुजींनी."

"दाणा कुणी घातला?"

तात्याबानं लेंडीकडं बघितलं. म्हणला, "गुरुजींनीच की. दरसाल त्येच घालत्यात."

खालचा शेतकरी वरडला, "आरं तात्या, माझ्या देखत ईरप्पानं पाटी ओतली की तुझ्या बायकोच्या पदरात!"

सर्कलनं माझ्याकडं बघितलं. "काय बाई?"

मी म्हणलं, "त्ये आपलं घरचं देणं व्हतं साहेब. मेंढरं बसवल्याचा दाणा न्हवं."

एवढं सोपं असतं. तोंड उघडायचं आन बोलायचं. राजी लांब बांधावर मेंढरं वळवीत उभी व्हती. तिला ऐकू गेलं का न्हाय म्हायती न्हाय. पर वारं आमच्याकडनं तिच्याकडं व्हतं.

ईरप्पाण्णा वरडला न्हाय, शिव्या दिल्या न्हाईत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सतरंजी गुंडाळून झाल्यावर त्यो तात्याबाजवळ आला आन हळू म्हणला, "पोरीचा दाखला अडकलाय म्हणं?"

तात्याबानं मान हालवली.

"शिकू दे," त्यो म्हणला आन चप्पल झटकून निघून गेला.

दुसऱ्या दिशी मेंढरं पाण्यावर नेली तर ईरप्पाण्णाच्या इहिरीच्या वाटंवर बाभळीचं काटं टाकलेलं. काटं टाकून ईरप्पाचा गडी मान फिरवून उभा व्हता. मेंढरं काट्यापाशी जाऊन वरडायला लागली, त्येंना पाण्याचा वास येत व्हता. तात्याबानं एकेकाला काठीनं मागं वळवलं. तितनं पाणी दीड कोस लांब. लंगडी मेंढी वाटंतच बसली, तिला त्येनं खांद्यावर घेतली.

नऊ तारखेला आमी तिघं शाळेत गेलो. शाळा सुट्टीची, मोकळी. गुरुजी खुर्चीत बसलेलं, पांढरं धोतर, केस तेल लावून बसवलेलं. दाखला काढला, सही केली, शिक्क्यावर फुंकर मारून दाबला. राजीला म्हणलं, "वाच."

तिनं वाचलं. नाव, जात, जन्मतारीख. प्रगती उत्तम. वर्तणूक उत्तम. आवाज सपाट, हिशेबाचं वाचावं तसं.

गुरुजींनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली आन तात्याबाला म्हणलं, "पुढल्या उन्हाळ्यातही तीन रात्री बसवायच्या बरं का. खंड पडता कामा नये. निकाल लागेपर्यंत दरसाल. तुमचं देणं मी विसरणार नाही."

"व्हय गुरुजी," तात्याबा म्हणला.

आता निघायचं. मी राजीला म्हणलं, "पाया पड गुरुजींच्या."

ती हालली न्हाय. कागद छातीला धरून उभी. त्या चार वर्सांत असा एक बी दिस गेला न्हवता की पोरगी सांगावं लागायच्या आधी वाकली न्हाय. गुरुजी हासत व्हतं, पाय खुर्चीखालनं जरा पुढं घेतलेलं. तात्याबा दाराकडं बघायला लागला.

"राजे, पड की गं."

ती माझ्याकडं बघून म्हणली, "आये, नगं."

बस्स, तेवढंच. मला वाटलं, आता कागद परत मागितला तर? अजून एक दिस हाय दहा तारखेला. मी तिच्या मानंला हात घातला आन खाली दाबली. मान कडक केलती तिनं. मी अजून दाबली. वाकली. कपाळ त्येंच्या पावलाला लागलं तवा मी हात काढला.

"मोठी हो," गुरुजी म्हणलं. "माझं नाव काढ."

वाटंनं ती आमच्या म्होरं चालली, दाखला झंपराच्या आत घातलेला. मी दोनदा हाक मारली, उन्हाचं डोक्यावर पदर घे म्हणलं. तिनं घेतला. मागं वळून बघितलं न्हाय. तिच्या मानंवर माझ्या बोटांचं चार वळ उठलेलं, वाडा येईपतूर मला तेवढंच दिसत व्हतं.